हिमचंपा देऊन टाकला

बागेतून बाहेर पडणाऱ्या माणसाच्या पिशवीकडे अण्णा आधी बघत, तोंडाकडे नंतर. बंगळुरातल्या त्या वनस्पती उद्यानात ते झाडांच्या विभागाचे पर्यवेक्षक होते. घराणं मराठी, पण तिथल्याच चामराजपेटेत पिढ्यान्‌पिढ्या मुरलेलं. मी पुण्याहून नवा रुजू झालो, त्याच आठवड्यात त्यांनी माझ्या खिशातून हिमचंप्याचं गळलेलं फळ काढून घेतलं.

"हे काय हळदीकुंकू आहे तम्मा, वाण लुटायला?"

धाकट्या भावाला तिकडे तम्मा म्हणतात, हे मला त्या दिवशी कळलं. बागेतली एक काडीसुद्धा बाहेर द्यायची नाही, हा त्यांचा नियम. बड्या साहेबांच्या बंगल्यावरून कलम मागायला आलेल्या ड्रायव्हरला त्यांनी कॉफी पाजली आणि रिकाम्या हातानं परत धाडलं. हा शुद्ध कद्रूपणा आहे असं मला वाटे, आणि तसा तो होताही.

हिमचंपा त्यांचा विशेष लाडका. बंगळूरची हवा पूर्वी त्याला मानवत असे. मग लागोपाठ वाईट उन्हाळे आले. रात्रीही गारवा उतरेना, बागेची बोअर आटली, पानांच्या कडा करपल्या. बैठकीत ठरलं, हा गेला की तिथं ऊन सोसणारं झाड लावायचं.

"माणूस आजारी पडला की लगेच त्याची खोली भाड्यानं देता काय?" एवढं बोलून अण्णा उठून गेले.

चार दिवसांनी बघतो तर हिमचंप्यावर गुट्या बांधलेल्या. फांदीची साल सोलून, ओलं शेवाळ लावून, वर प्लास्टिक गुंडाळलेलं. पावसाळाभर त्यांनी वाट पाहिली. नऊपैकी तीन गुट्यांना मुळं फुटली, आणि तिन्ही रोपं अण्णांनी कोडगूच्या थंड डोंगरातल्या एका बागेला देऊन टाकली. माझा विश्वासच बसेना.

"अण्णा, एक तरी इथं ठेवू या."

"कशाला? करपताना बघायला? स्वल्प विचार कर. झाड आपलं असायला पाहिजे, का झाड असायला पाहिजे?"

कुंड्या त्यांनी स्वतः जीपमध्ये चढवल्या. ड्रायव्हरला बजावलं, "तिकडं कुणी फांदी मागितली तर द्या म्हणावं. नाही म्हणू नका."

त्याच वर्षी ते निवृत्त झाले. पुढच्या मे महिन्यात हिमचंपा पार वाळला. फांदी कुणाच्या डोक्यात पडायला नको म्हणून तो कापावा लागला. अण्णांना कसं सांगायचं, ते मला सुचेना. शेवटी दुसऱ्या दिवशी सकाळी फोन लावला. माझं सांगून होताच त्यांनी विचारलं,

"खाली नेचे होते नव्हे? त्यांची सावली गेली की. ऊन चढायच्या आत हलव त्यांना. सरी, बरं, ठेव फोन."

मला त्यांचा रागच आला. एवढ्या झाडासाठी माणसाकडे एक शब्द नसावा! तसाच तणतणत गेलो आणि नेचे मुळांसकट काढून शेजारच्या झाडाखाली नेऊ लागलो. अर्धे हलवून झाले तेव्हा कापलेल्या बुंध्याशी बसलो आणि रडलो. पण ऊन चढत होतं, म्हणून उठलो.