न सरकणारा ठिपका

आमच्या हँगरमध्ये विमानं दोनच, तीही दोन सीटची. पण रविवारी सकाळी चहा घेऊन पत्र्याखाली बसलो की किस्से इतके निघतात, की एक दिवस विमानं बाहेर काढून त्यांना जागा करावी लागेल! रोह्याच्या अलीकडची ही आमची छोटी धावपट्टी. मी पेणची, पण विमान चालवायला शिकले कॅनडात. तिथल्या मैत्रिणी विचारायच्या, परत जाऊन उडणार कुठे? त्यांना ही मंडळी दाखवायला हवीत.

आमचं आभाळ आता रिकामं राहिलेलं नाही. उत्तरेला मोठी विमानं उतरतात, शनिवारी अलिबागकडे हेलिकॉप्टरं जातात, लग्नसराईत पेणच्या रामवाडीवर ड्रोन घिरट्या घालतात. म्हणून आमच्याकडे पहिला धडा उडायचा नसतो. बघायचा आणि बघितलेलं सांगायचा असतो.

*

इथल्या पहिल्या दिवशी मी रेडिओवर दिशा, अंतर, उंची सगळं एका दमात सांगितलं. उच्चारही कॅनडाचेच. पलीकडून दळवी सरांचा आवाज आला. सर म्हणजे आमचे इन्स्ट्रक्टर, हवाई दलातून निवृत्त झालेले.

"छान. आता एवढंच सांग, कासू स्टेशनच्या अलीकडे आहेस की पलीकडे?"

तेव्हापासून मीही दिशेच्या आधी कासू सांगते.

*

आमच्यातले सगळ्यात हट्टी म्हणजे नाना म्हात्रे. हमरापूरला त्यांचा गणपतीचा कारखाना. पन्नाशी उलटल्यावर त्यांनी पायलटच्या लायसन्सचा ध्यास घेतला. गावानं वेड्यात काढलं, तर नाना म्हणाले, "माझे गणपती विमानानं अमेरिकेला जातात, अन् मी काय जमिनीवरच ऱ्हायचं?"

नानांना सरांबद्दल फार आदर. शेजारी बसलेल्या सरांनी "समोरचं विमान दिसलं का?" असं विचारलं, की नाना लगेच "व्हय सर" म्हणायचे. सरांना नाही कसं म्हणायचं? एकदा सरांनी पुढचा प्रश्न टाकला, कुठल्या रंगाचं आहे?

"तुमी सांगाल त्या, सर."

आभाळात तेव्हा काहीच नव्हतं.

*

त्या दिवशी सरांनी नियम केला. न दिसलेलं दिसलं म्हणायचं नाही, आणि दिसलेलं गिळायचं नाही. नानांनी तो असा पाळला की प्रत्येक घार कळवायला लागले. डावीकडे घार, उजवीकडे घार, मिठागरावर दोन घारी. चहाच्या वेळी ते ऐकून मला हसू आलं, तर सरांनी मलाच झापलं. आज घारीवर हसलीस, तर उद्या हा माणूस काही कळवणारच नाही, म्हणाले.

पुढच्याच शनिवारी नाना म्हणाले, "सर, डावीकडं घार. मोठी हाय. अन् तिला पंखा वर हाय."

अलिबागचं हेलिकॉप्टर! सरांच्याही आधी नानांनी पाहिलं होतं.

*

तरीही पहिल्या परीक्षेत नाना नापास झाले. दोष नजरेचा. मूर्तीचे डोळे आखताना नाना श्वास रोखतात आणि एका जागी नजर लावतात. सगळा जन्म त्यात गेला. विमानातही तेच, समोरच्या उंची-वेगाच्या घड्याळांवर नजर खिळायची आणि बाहेरचं जग बंद. मला म्हणाले, "या खेपेला नाय जमलं ना गो, तर मी कारखान्यातच बरा."

सरांनी मखराचा चमकी कागद मागवला आणि सगळी घड्याळं झाकून टाकली. महिनाभर नाना त्या आरासीसमोर बसून विमान चालवत होते. बघायला बाहेरच्याशिवाय काही नव्हतंच.

*

दुसरी परीक्षा. शेजारी परीक्षक, खाली मिठागरं, आभाळात धुरकट ऊन. आम्ही सगळे खाली रेडिओला कान लावून.

काचेवर सरकत जाणारं विमान आपल्या वाटेतून निघून जातं. एकाच जागी राहून मोठं होत जातं, ते आपल्यावर येत असतं. हे सरांनी घोकून घेतलेलं.

पुढचं परीक्षकांनीच सांगितलं. नानांना समोर एक ठिपका दिसला. रंगाचा शिंतोडा असेल, म्हणून त्यांनी सवयीने बोटानं काच पुसली. ठिपका गेला नाही. सरकलाही नाही.

"साहेब, हा रंग नाय," म्हणत नानांनी विमान उजवीकडे वळवलं. परीक्षकांना ते विमान दिसलं तेव्हा ते डावीकडून निघून चाललं होतं.

खाली रेडिओवर आम्हाला फक्त त्या दुसऱ्या पायलटचा आवाज ऐकू आला. आपल्याला आधी पाहिलं, म्हणून तो आभार मानत होता. सरांनी चष्मा काढून उगाचच पुसला.

नाना पास!

*

यंदा हँगरमध्ये गणपती बसवला. मूर्ती अर्थात नानांची, डोळे स्वतः आखलेले. परीक्षक दर्शनाला आले. हात जोडले आणि तसेच थबकले. मूर्ती देखणी, पण बाप्पाची नजर समोर नव्हती. जरा डावीकडे, वर.

"नाना, हा समोर का बघत नाही?"

"समोरचं मी बघतो, साहेब. बाजूचं त्याच्याकडं हाय."