दूधआई

माझी पहिली बायको बाळंतपणानंतर आठवड्याच्या आत तापानं गेली. पुणतांब्याला आगगाडी धरून तिला नगरच्या दवाखान्यात न्यायचं ठरलं होतं. बैलगाडी निम्म्या वाटेवर असतानाच तिचा श्वास थांबला. गाडीवानानं मागं वळून पाहिलं, मी मान हलवली, आणि त्यानं बैल परत फिरवले.

लढाईचे दिवस होते. गोदाकाठच्या एका लहान गावात मी मिशनच्या शाळेत मास्तर होतो. शाळा, देऊळ, पाळकांचं म्हणजे आमच्या धर्मगुरूंचं घर आणि माझं घर, सगळं एकाच आवारात. आम्ही ख्रिस्ती लोक प्रार्थनेच्या जागेला देऊळच म्हणायचो. पत्र्याच्या छपराची लांबट खोली होती ती, आणि घंटेच्या जागी लिंबाला रुळाचा तुकडा टांगलेला.

दफन त्याच संध्याकाळी झालं. पाळकसाहेबांनी प्रार्थना केली. कबरेशेजारीच मातीचा एक छोटा उंचवटा होता, त्यावर अजून गवत उगवलं नव्हतं. महिन्याभरापूर्वी त्यांनी स्वतःचं तान्हं मूल तिथं पुरलं होतं. त्या दिवशी त्यांनी प्रार्थना आटोपती घेतली. पाळकीणबाई आल्या नव्हत्या. मूल गेल्यापासून त्या उपासनेलाही येत नव्हत्या.

माझी मुलगी घरी माझ्या आईजवळ होती. आईनं शेळीचं दूध पाणी घालून पाजून पाहिलं, मग गाईचं. दोन्ही उलटलं. पोर सुकत चाललं. गावात एक बाळंतीण होती, पण तिचंच मूल अर्धपोटी राहत होतं. आई म्हणाली, "पाळकीणबाईंना विचार."

"त्यांना कसं विचारू? त्यांचं मूल जाऊन महिना झालाय."

"म्हणूनच विचार म्हणते."

मी गेलो नाही. आईच गेली, तीही पाळकसाहेबांकडे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मी सांगितलं तर ती माझ्यासाठी करील. तसं नको. तुमची अडचण मी तिच्या कानावर घालतो, पुढचं ती बघेल."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शाळेला निघालो, तर पाळकीणबाई आमच्या दारात उभ्या. त्यांचं माहेर राजूरकडचं, डोंगरातलं. बोलणं अजून तसंच होतं.

"मास्तर, पोर कुठंय?"

आईनं मुलीला पुढं आणलं. त्यांनी तिला लगेच घेतलं नाही. आधी तिचा चेहरा पाहिला, मग हाताची बोटं.

"दूध आटत आलंय माझं," त्या म्हणाल्या. "लागलं तर लागलं. आणि एक सांगते. मी सध्या प्रार्थना करीत न्हाई. तसलं काई मला सांगू नका."

मी म्हणालो, "नाही सांगणार."

मी बाहेर गेलो. आतून मुलीचं रडणं ऐकू येत होतं, मग थांबलं. आई दाराशी येऊन म्हणाली, "धरलं गं बाई," आणि पदरानं तोंड पुसत आत गेली.

पहिले काही दिवस दूध पुरत नव्हतं. आई पाळकीणबाईंना शेपूची भाजी आणि बाजरीची भाकरी करून नेई आणि त्या जेवेपर्यंत समोर बसून राही. हळूहळू दूध वाढलं. रात्री-अपरात्रीची ने-आण जमेना, तेव्हा मुलगी पाळकांच्या घरीच राहू लागली. शाळा सुटली की मी तिकडं जाऊन बसायचो. पाळकसाहेब मला चहा करून देत. चहात गूळ असे, कारण साखर मिळत नव्हती. आम्ही पावसापाण्याचं, शाळेचं बोलायचो. माझ्या बायकोबद्दल ते कधी आपण होऊन बोलले नाहीत. मीच कधी विषय काढला, तर हातातलं काम खाली ठेवून ऐकत.

मंडळीत कुजबुज सुरू झाली. पाळकाचीच बायको देवळात येत नाही, मग इतरांना काय सांगायचं? दोन पंच एकदा त्यांच्याकडे आले. मी तिथंच होतो. पाळकसाहेब त्यांना म्हणाले, "तिला यावंसं वाटेल तेव्हा ती येईल. मी तिला ओढून आणणार नाही." पंचांना ते पटलं नाही. ते सलाम करून निघून गेले.

एकदा मी पाळकीणबाईंना विचारलं, "तुम्हाला देवाचा राग आलाय का?"

त्या मुलीला मांडीवर थोपटत होत्या. "राग न्हाई. बोलावंसं वाटत न्हाई त्याच्याशी."

"मग हे एवढं करता ते?"

"हे त्याच्यासाठी कुठं करते? पोरीला भूक लागती."

मुलगी चालायला लागली, भाकरीचा कुस्करा खायला लागली. तिला घरी आणायला हवं हे मला कळत होतं, पण मी आज-उद्या करत राहिलो. शेवटी त्याच म्हणाल्या, "मास्तर, आता न्या तिला. अजून राहिली तर मला सोडवायची न्हाई." त्यांनी तिची झबली धुऊन, घड्या घालून ठेवली होती. मी मुलीला उचललं. ती मागं वळून त्यांच्याकडे हात करून रडू लागली, तशा पाळकीणबाई आत गेल्या आणि चुलीतली राख काढू लागल्या. पुढचे काही दिवस मुलगी आवार ओलांडून त्यांच्या दाराशी जायची. त्या तिला जेवू घालायच्या आणि स्वतः आणून सोडायच्या.

त्यानंतर बऱ्याच महिन्यांनी, एका साध्या रविवारी, त्या उपासनेला आल्या. सण नव्हता, प्रभुभोजनाच्या विधीचा दिवसही नव्हता. बायकांच्या बाजूला, मागं भिंतीशी जाऊन बसल्या. गीत चाललं होतं, त्यात त्यांनी सूर मिळवला नाही. गीत संपल्यावर पाळकसाहेब बायबलमधलं वचन वाचू लागले. त्यांचं लक्ष तिकडं गेलं आणि ओळ चुकली. त्यांनी तीच ओळ पुन्हा पहिल्यापासून वाचली. कुणी मागं वळून पाहिलं नाही. माझी मुलगी मात्र आजीजवळून उठून, माणसांच्या मधून वाट काढत गेली आणि त्यांच्या मांडीवर जाऊन बसली.

लढाई संपल्यावर पाळकसाहेबांची बदली शेवगावच्या बाजूला झाली. त्यांना पुन्हा मूल झालं नाही. निघताना पाळकीणबाईंनी माझ्याकडे एवढंच मागितलं, की उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलीला धाडत जा. मी हो म्हणालो आणि तो शब्द पाळला. पुढं मी दुसरं लग्न केलं, घरात आणखी मुलं झाली. मुलगी माझ्या दुसऱ्या बायकोला 'नवी आई' म्हणायची आणि पाळकीणबाईंना नुसतं 'आई'. माझ्या बायकोला त्याचं वाईट वाटलं असेल, पण तिनं कधी मुलीला टोकलं नाही. मे महिना आला की तीच मुलीचं गाठोडं बांधायची, आणि त्यात पाळकीणबाईंसाठी शेवयांचा पुडा ठेवायची.