टेपचं दुसरं टोक

"ए, धर रे. भिंतीला लावून धर."

प्राप्तिकराच्या साहेबानं टेपचं टोक आबांच्या हातात दिलं. आबा म्हणजे माझे वडील. सत्तरीला आलेले. घर त्यांचं. त्यांनी टोक धरलं. वाकून धरलं. साहेबानं ओढलं तसे मागं सरकले, कोपऱ्यात गेले, पुन्हा वाकले. वालचंदनगरच्या कारखान्यात त्यांनी सगळी नोकरी हेल्पर म्हणून काढली. दुसऱ्यानं मोजायचं, यांनी टोक धरायचं. निवृत्त होऊन बावड्यात स्वतःच्या घरात राहायला आले, तर इथंही तेच.

मी आत त्या लोकांसाठी चहा ठेवत होते. इंदापुरात माझा दातांचा दवाखाना. दिवसभर लोकांना तोंड उघडा म्हणायचं माझं काम. त्या दिवशी माझं उघडलं नाही.

मग साहेब बुद्धाच्या तसबिरीसमोर थांबला. "ही उतरव. मागं काय आहे बघू."

आबांनी आधी हात धुतले. मग तसबीर उतरवली. मागं नुसती चुना लावलेली भिंत. साहेबानं ती बोटानं ठोकून पाहिली. भिंत भरीव निघाली. त्याचा चेहरा पडला. जिथं जिथं माप घेतलं तिथं बरोबरच्या इंजिनिअरनं पेन्सिलीनं फुली मारली. आमच्या भिंतींवर. विचारलंसुद्धा नाही. चहा तसाच ठेवून दोघं उठले. टेप सर्रकन डबीत शिरली. तो आवाज माझ्या कानातून अजून गेलेला नाही. शिंपी माप घेतो तेव्हासुद्धा माझ्या अंगावर काटा येतो.

हे सगळं एका नोटिशीवरून. नव्वदच्या पुढची वर्षं होती. माझं प्राप्तिकराचं विवरण भरून झालेलं, तपासून झालेलं, मिटलेलं. आणि एक दिवस नोटीस आली. तुमचं उत्पन्न करातून सुटलं आहे असं मानायला आमच्याकडं कारण आहे, म्हणून प्रकरण पुन्हा उघडतो. कोणतं कारण, ते लिहिलेलं नव्हतं. कचेरीत विचारलं तर म्हणाले, "ते आमच्यापाशी." त्यांच्यापाशी काय होतं ते पुढं कळलं. काहीच नव्हतं. म्हणून तर टेप घेऊन आले.

इंजिनिअरनं घराची किंमत काढली. घराला पैसा माझा लागलेला, आणि मी विवरणात दाखवलेल्या खर्चापेक्षा ती किंमत कितीतरी जास्त. सगळा फरक मजुरीचा. आणि मजुरी आम्ही दिलेलीच नव्हती. आमचं घर सावडीनं उभं राहिलं. आमच्या भावकीत निम्मे गवंडी. एकाचं घर निघालं की बाकीचे येऊन बांधतात, त्यांचं निघालं की आपण जायचं. पैसा मधे येत नाही. दुपारची भाकरी, आणि स्लॅबच्या दिवशी मटण. कन्हेरीच्या तात्यांनी, म्हणजे आबांच्या धाकट्या भावानं, दर्शनी भिंत एकट्यानं उचलली. मला थापी धरता येत नाही, म्हणून त्यांच्या अख्ख्या घराचे दात मी बघते. ती माझी सावड.

हे मी कचेरीत सांगितलं. उभ्यानंच सांगितलं. समोर खुर्ची रिकामी होती, कुणी बसा म्हटलं नव्हतं.

साहेब हसला. "मजुरी न घेता भिंत बांधली? बाई, तुमच्या लोकांना फुकट घ्यायची सवय. फुकट द्यायला कधीपासून शिकलात?"

शेजारचे कारकूनही हसले. तळपायाची आग मस्तकात गेली. तरी मी जिना उतरून रस्त्यावर आले, स्टँडवर गेले, एसटीत बसले. शिकलेल्या माणसाला राग गिळायचंही शिकवलेलं असतं.

बारामतीचे माझे कर सल्लागार सज्जन माणूस. म्हणाले, "डॉक्टर, मिटवून टाका. मजुरी दिली होती, दाखवायची राहिली, एवढं लिहून द्या. दंड माफक लावतील. पाण्यात राहून माशाशी वैर कशाला?" त्यांनी मजकूरही तयार करून दिला. मी थकले होते. सही करायची असं ठरवूनच घरी आले.

आबा ओट्यावर बसलेले. मापं झाल्यापासून ते घरात झोपत नव्हते. थंडी पडली तरी घोंगडी घेऊन बाहेरच. विचारलं की म्हणायचे, "माणूस मेल्यावर तिरडीसाठी मापं काढत्यात. ह्यांनी जित्या घराची काढली. मला आत डोळा लागत न्हाय."

मी कागद मांडीवर घेतला. पेन उघडलं.

"काय लिवलंय त्येच्यात?" आबांनी विचारलं.

मी वाचून दाखवलं.

"म्हंजी तात्यानं मजुरी घेतली, असं व्हतंय?"

"हो."

"त्यो म्हणंल, मी घेतली न्हाय. मग मधल्यामधी ती कुणी खाल्ली? मी. भावाची मजुरी मी बुडवली, असं लिवतीयास तू."

मी पेनला टोपण लावलं. भीती गेली असं नाही. पण त्या खोट्या सहीपुढं ती मला लहान वाटली.

मुंबईला उच्च न्यायालयात गेले. तिथल्या वकिलांनी सांगितलं, आधी कारण, मग नोटीस. नोटीस काढून मागून कारण धुंडाळत फिरायला कायदा परवानगी देत नाही. संशय म्हणजे कारण नव्हे. साहेबाला वाटलं म्हणून मिटलेलं प्रकरण उघडता येत नाही. इतकं शिकून मला हे ठाऊक नव्हतं. मोजणाऱ्यालाही कुणीतरी मोजतं, हे आमच्या घरात कुणालाच ठाऊक नव्हतं.

न्यायालयानं नोटिशीवरच्या कारवाईला स्थगिती दिली. खटला रेंगाळला. आबा थांबले नाहीत. त्याच ओट्यावर, थंडीत गेले. तिरडीचे बांबू तोडायचे होते. तात्यांनी आबांच्या अंगालगत सुतळी लावली आणि माझ्याकडं बघून म्हणाले, "पोरी, टोक धर."

मी धरलं. पायापाशी वाकून धरलं.

नंतर सुनावणी झाली. न्यायमूर्तींनी खात्याच्या वकिलाला एवढंच विचारलं, "नोटीस काढली त्या दिवशी तुमच्याकडं काय होतं?"

"घर मोठं असल्याचं कळलं होतं."

"आणखी?"

आणखी काही नव्हतं. नोटीस रद्द झाली. लोक म्हणाले, जिंकलात. ओटा रिकामाच होता. घराला मी पुन्हा रंग दिला नाही. त्या पेन्सिलीच्या फुल्या आहेत तिथं आहेत. संध्याकाळी दिवा लावला की एकेक दिसायला लागते, आणि तिच्याखाली वाकलेले आबा.

पुढं कन्हेरीत तात्यांच्या मुलाचं घर झालं. सावडीनंच. तिथंही टेप आली. साहेब नवा, बोली गोड. "आजोबा, जरा एवढं टोक धरा."

तात्यांचा हात सवयीनं पुढं गेला. मी त्यांचं मनगट धरलं.

"तात्या, हात खाली."

मग मी साहेबाकडं वळले. "नोटीस कुठं आहे? तिच्याआधी लिहिलेलं कारण कुठं आहे? ते असेल तर दाखवा. नसेल तर तसं तिकडं उच्च न्यायालयात सांगा, मला वाट माहीत आहे. आणि टोक तुमचं तुम्ही धरा. आमच्यातलं कुणी आता वाकणार नाही."

टेप त्याच्या हातात लोंबत राहिली. मी दारात उभी होते. बाजूला झाले नाही.