चार रिकामी घरं

धुळ्याच्या कॉलेजातले संगणकवाले भाऊ एरवी मोजकंच बोलत. टाइप करताना मात्र प्रत्येक आकडा ओठांत पुटपुटत. माझ्या प्रबंधासाठी पावसाचे दोन तक्ते शेजारी शेजारी जोडायचे होते. दिवसाला एक ओळ; जळगावच्या ओळी तीस, धुळ्याच्या सव्वीस. संगणक काही जोडू देईना.

“उरलेल्या चार ओळींत शून्य भरा ना,” मी म्हणालो.

त्यांनी कीबोर्डवरचे हात उचलले. “शून्य म्हणजे पाऊस पडला नाही. इथं तर ते चार दिवस कुणी मोजलाच नाही!”

मग त्यांनी तारखेला तारीख जुळवली आणि धुळ्याच्या रकान्यातली ती चार घरं रिकामीच ठेवली. पडद्यावर तीसही ओळी नीट उमटल्या, तसे ते खुर्ची मागे ढकलून अहिराणीत ओरडले, “बठ्ठं जमनं!” सगळं जमलं होतं.

प्रबंध माझा होता, पण टाळीसाठी हात त्यांनीच आधी पुढे केला.