पाडलेल्या नगरसेवकाचा पेला

आमच्या पेठेतल्या दूधकट्ट्यावर रोज म्हैस पिळणाऱ्या त्या माणसाचं नाव मी कधी विचारलं नाही. गिऱ्हाइकासमोर धार काढायची आणि पेल्यावर फेस चढला की मिशीत हसायचं, ही त्याची रीत.

आमच्या नगरसेवकाने चोवीस तासांचा दवाखाना कबूल केला होता. विरोधकांशी तडजोड करून दुपारपर्यंतचाच आणला. पेठेनं त्याला निवडणुकीत पाडलं. दुसऱ्या दिवशी तो कट्ट्यावर आला.

म्हैसवाल्यानं मोठा पेला काठोकाठ भरून त्याच्यापुढं धरला. "मी बी तुमास्नी पाडलंय की! रात्रीचं दुखणं येत न्हाय व्हय?"

"मग हे दूध कशाला?"

"प्या. पुढच्या खेपेला भांडायला ताकद लागंल."

त्याने एका दमात पेला संपवला आणि दुसरा मागितला. मग मीही मागितला.