पोट शिवून आले ते वर्ष

ये गो, अशी जवळ ये. लांबून बोललीस की मला अर्धंच ऐकू येतं, उरलेलं मी मनानं भरते आणि मग आपली भांडणं होतात. आणि हे काय चाललंय तुझं? आल्यापासून तीनदा कपाटाच्या आरशापुढं आडवी उभी राहिलीस. श्वास आत ओढलास, सोडलास, पुन्हा ओढलास. दीड वर्षाची लेक ओढणीला लोंबकळतेय आणि तू पोट बघतेस. वेडी कुठली. टमी टक म्हणतात म्हणे त्याला आता. पोटाची सैल कातडी कापायची, आतलं शिवून घट्ट करायचं. करायचं तर कर, मी नको म्हणणारी कोण? माझं स्वतःचं झालंय. डोळे मोठे करू नकोस. तुझ्या बापाला मी हर्नियाचं ऑपरेशन म्हणून सांगितलं होतं, आणि ते खोटंही नव्हतं. पण पुरतं कुणाला सांगितलं नाही. आता तू विषय काढलास तर ऐक, आणि मध्येच तो मोबाईल बघू नकोस.

आमची वाडी पोलादपूरच्या वर, कापड्याच्या अंगाला. पंधरा घरं, आणि आमचं घर सगळ्यात वर, एकटं. तुझे आजोबा मुंबईला गोदीत. वर्षातनं दोनदा यायचे, शिमग्याला आणि गणपतीला. घरात सासू, धाकटा दीर, मी आणि पोरं. दिराचं लग्न अजून व्हायचं होतं. सासूचा सगळा जीव त्या धाकट्यावर. असू दे, त्याला माझी हरकत नव्हती. पण त्या जिवापायी तिनं माझं जे केलं ते मी विसरले नाही, विसरायचा विचारही नाही. ती जाऊन इतकी वर्षं झाली तरी तिच्या फोटोला हार मी घालत नाही. तुझा बाप घालतो.

माझी तीन बाळंतपणं सरळ गेली. चौथ्याला जुळं झालं, त्यातला एक तुझा बाप. जेठ महिना होता. सुईणीनं रिवाजाप्रमाणं जुन्या लुगड्यानं माझं पोट आवळून बांधलं आणि सांगितलं, सव्वा महिना सोडू नको. अठराव्या दिवशी भाताची लावणी आली. पोट बांधून वाकता येईना, तर सासूनं स्वतःच्या हातानं गाठ सोडली. म्हणाली, "चिखलात कोन बघतंय तुझं पोट? वाक." वाकले.

जुळी रांगायला लागली, चालायला लागली, पण पोट काही गेलं नाही. हातपाय काड्यांसारखे आणि पुढं हे एवढं पोट. अंथरुणातून उठताना मधोमध उभा फुगवटा यायचा, बेंबीपाशी लिंबाएवढी गाठ. कातडीची घडी खाली लोंबायची, आणि पावसाळ्यात त्या घडीत ती सोलून निघायची. खोबरेल लावून वर चिंधी ठेवायचे आणि डोक्यावर हंडा घेऊन चालायचे. कंबर अशी धरायची की हंडा उतरवल्यावर पाच मिनिटं सरळ होता यायचं नाही. तू पँट बसत नाही म्हणून रडतेस. रड, पण दोन्ही रडण्यांत फरक आहे एवढं ध्यानात ठेव.

आता मुख्य ऐक. आमच्या घराला एक मान होता. शिमग्याला गावदेवीची पालखी निघाली की पहिला खांदा आमच्या घरच्या थोरल्या मुलाचा, म्हणजे तुझ्या आजोबांचा. पण ज्याच्या बायकोला दिवस गेलेत त्यानं पालखीला खांदा द्यायचा नाही, असा आमच्या गावकीचा नेम. जुळी दोन वर्षांची होती तेव्हाची गोष्ट. गोदीतलं काम अडलं म्हणून आदल्या गणपतीला आजोबा आले नव्हते. शिमग्याला गेलेले ते शिमग्यालाच परत आले. मध्ये पुरतं वर्ष.

पालखी आमच्या अंगणात आली. आजोबा आंघोळ करून, धोतर नेसून पुढं झाले, आणि मी आरतीचं ताट घेऊन दारात आले. गावकीचा पुढारी तो गावकर, त्याची म्हातारी बहीण माझ्या पोटाकडं बघून मोठ्यानं म्हणाली, "अगो, हिला तर दिवस हायत. मग ह्यो खांदा कसा देतो?"

दुसरी म्हणाली, "दिवस हायत त्ये खरं, पन कुनाचे गो? ह्यो तर गनपतीलापन आला नव्हता."

बाया हसल्या. बोटांवर महिने मोजले. पुरुष ढोल सावरत उभे राहिले, जसं काही त्यांना ऐकूच आलं नाही.

गावकराच्या बहिणीनं मग सासूला विचारलं, "तू सांग गो. सून दर म्हैन्याला बाहेर बसते का नाय?"

आणि माझी सासू म्हणाली, "माझं म्हातारीचं कुठं ध्यान असतंय?"

तुला कळणार नाही, तुमच्यात आता पाळत नाहीत. त्या वेळी पाळीचे चार दिवस बाई बाजूला बसायची. मी घराच्या मागच्या पडवीत बसायचे, खालच्या वाडीला ती पडवी दिसायची नाही. चुलीला शिवायचं नाही, हंड्याला शिवायचं नाही. भाकर सासूच आणून लांबून टाकायची. मला दिवस नाहीत हे साऱ्या जगात तिच्याइतकं पक्कं कुणालाच ठाऊक नव्हतं. आणि ती म्हणाली, ध्यान नसतं. कशासाठी? तर मान धाकट्याकडं यावा म्हणून. आला. पालखी धाकट्याच्या खांद्यावर गेली, आणि मी ताट घेऊन तशीच उभी. कापूर ताटातच जळून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आजोबा एवढंच म्हणाले, "लुगडं बदल, म्हाडला जायाचं हाय." पोलादपूरपर्यंत चालत, तिथून एस.टी. चालताना दहा पावलं पुढं, एस.टी.त खिडकीकडं तोंड. मला वाटलं, माझ्यासाठी रागावलेत. मी आपली मनातून सुखावलेली.

महाडच्या डॉक्टरनं मला आडवं केलं. म्हणाला, "हात न टेकता मान उचल." उचलली, तर पोटाच्या मधोमध तो फुगवटा उभा राहिला. त्यानं दोन्ही बाजूंच्या मांसामध्ये बोटं रोवून बघितली. चार बोटं आत गेली.

तुझे आजोबा भिंतीकडं बघत म्हणाले, "कितवा म्हैना, डाक्टर?"

पोरी, वाडीनं म्हटलं ते मी सोसलं असतं. पण हे वाक्य अजून माझ्या कानात आहे. मला तपासायला नव्हतं आणलं त्यांनी, महिने मोजायला आणलं होतं.

डॉक्टर चष्म्यावरून बघत म्हणाला, "कसला महिना? हिच्या पोटाचे स्नायू फाकलेत. जुळ्यांनी ताणले, ते परत जुळलेच नाहीत, त्यात बेंबीला हर्निया. मूलबीळ काही नाही. मुंबईला मोठ्या दवाखान्यात घेऊन जा, शिवून देतील. आणि जरा तिच्याकडं तोंड करून बसा."

आजोबांनी तोंड केलं. मी नाही केलं.

मुंबईचा सर्जन कडक होता, पण त्यानं मला समोर बसवून विचारलं, नवऱ्याला नाही. तुझ्या कामाचं ते हेच, म्हणून नीट ऐक.

पहिल्यांदा म्हणाला, "हे बारीक व्हायचं ऑपरेशन नव्हे. नुसती चरबी असलेली बाई आली तर मी परत पाठवतो. तू बारीकच आहेस, तुझं पोट आतून उघडं पडलंय." मग विचारलं, "आणखी मुलं हवीत?" मी नाही म्हटलं. "नक्की? पुढचं बाळ राहिलं तर ते मी शिवलेलं सगळं ताणून सैल करील. मुलं पुरती झाल्याशिवाय हे करायचं नसतं." नक्की म्हटल्यावर मुलं बंद करायचं ऑपरेशनही त्याच वेळी करायचं ठरलं. "खोकला आहे? खोकल्यानं टाके तुटतात." नव्हता. "लघवीत साखर?" ती तपासली. "या कमरेपासून त्या कमरेपर्यंत वण राहील, तो जन्मभर जायचा नाही. चालेल?" म्हटलं, कोण बघणार आहे.

शेवटी विचारलं, "घरी पाणी कोण भरतं?"

"मीच."

"मग नाही करत. सहा महिने हंडा उचलायचा नाही, मूल उचलायचं नाही. तुझं काम कोण करणार ते ठरव, मग ये."

बघ, एवढे प्रश्न विचारले, पण हाच खरा अवघड होता. शेवटी पोरं माझ्या आईकडं शिवथरला पाठवली आणि मी मुंबईत चुलत नणंदेच्या खोलीवर राहिले.

मी त्या सर्जनला एक विचारून घेतलं, सासूनं पोटाची गाठ सोडली नसती तर हे टळलं असतं का. तो म्हणाला, "बांधलं असतंस तरी जुळ्यांनी व्हायचं ते झालंच असतं." एवढा एक राग त्या डॉक्टरनं माझ्या हातून काढून घेतला. बाकीचे आहेत.

ऑपरेशनचं गोड सांगणार नाही. पंधरा दिवस गुडघ्याखाली उशी घेऊन पडायचं, उठलं तरी म्हातारीसारखं वाकून चालायचं. शिंक आली की जीव जायचा. पुढं तीन महिने रुंद पट्टा. बेंबीच्या खाली अजून हात लावला तर कुणा दुसरीला लावल्यासारखं वाटतं. पण कंबर सुटली. घडीतली जखम गेली. त्यासाठी मी त्या सर्जनचं नाव अजून घेते.

दसऱ्यानंतर वाडीत परत आले, सरळ पाठीनं. मनात एकच, की आता बघा म्हणावं, कुठाय पोट? विहिरीवर गेले तर बोलणं थांबलं. मी वळल्यावर मागून आलंच, "मुंबैला जाऊन पाडून आली."

कळलं का तुला? वाडीतच राहिले असते तर नऊ महिने उलटून गेले असते, पोर झालं नसतं, आणि त्यांची तोंडं आपोआप बंद झाली असती. मी पोट शिवून आले आणि त्यांच्या हातात पुरावा दिला. वण दाखवला असता तर म्हणाल्या असत्या, तिथूनच काढलं. आणि सासू? सासू विहिरीवर त्यांच्यातच उभी होती. हातातली कळशी भरत राहिली.

पुढचा शिमगा आला, पालखी पुन्हा आमच्या अंगणात आली. आता गावकर म्हणाला, मान कायमचाच धाकट्याकडं द्यावा, ज्याच्या बायकोचं असं काही झालं त्याचा खांदा देवीला नको. आजोबा खाली मान घालून ऐकत होते. त्यांना डॉक्टरनं सांगितलं होतं, सर्जननं सांगितलं होतं, तरी भर अंगणात बायकोच्या पोटाबद्दल तोंड उघडायची त्यांना लाज. लाज! मी दोन रात्री विचार केला होता. सासूला खरं विचारून उपयोग नव्हता, ती पुन्हा ध्यान नसतं म्हणाली असती. पण तिची एक गोष्ट मला माहीत होती. तिला कुणी काहीही म्हटलं तरी चालायचं, घरच्या माणसाला उपाशी ठेवते म्हटलेलं मात्र सोसायचं नाही.

मी दारातून पुढं आले आणि गावकराच्या बहिणीला म्हटलं, "आक्का, मान कुनालापन द्या. पन ह्या घरात मी काय भोगलं त्ये ऐका. पडवीत बसले की चार-चार दिवस उपाशी असायची मी. ह्या बाईनं कधी भाकरीचा तुकडा टाकला नाय."

सासू उसळलीच. "खोटारडे! जीभ झडंल तुझी! दर म्हैन्याला मी टाकत होते, चारी दिवस, दोन टायमाला! वर सुका बांगडा भाजून!"

"त्या सालीपन, आत्याबाई? त्ये आले नव्हते त्या सालीपन?"

"एक म्हैना चुकला नाय! बाराच्या बारा म्हैने, देवीच्या पालखीसमोर सांगते!"

आणि मग काय बोलून बसली ते तिचं तिलाच कळलं. पदर तोंडाला लावला. ढोलवाल्यानं घसा खाकरला. पुरुष आपापल्या पायांकडं बघायला लागले. बायका मात्र पुन्हा बोटं मोजायला लागल्या, या वेळी बरोबर. गावकराची बहीण सासूला म्हणाली, "मग गेल्या सालाला तुझं ध्यान कुठं होतं गो?" सासू उठून आत गेली.

गावकर कुणाकडंही न बघता आजोबांना म्हणाला, "चल रे, उन्हं चढली. खांदा दे."

त्यांनी दिला. आणि मग चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत, कारण मी पुरुषांच्या देखत पडवीची गोष्ट काढली. बाईला पोर कुणाचं विचारणं चालतं, बाईनं पाळीचं बोलणं चालत नाही. माझी कुणी माफी मागितली नाही, ना वाडीनं, ना सासूनं, ना त्यांनी. मीही कुणाला माफ केलं नाही, म्हणजे फिट्टंफाट.

तेव्हा तू ठरव. आणखी मूल हवं असेल तर थांब. मनात बारीक व्हायचं असेल तर ते चालूनफिरून हो. उठताना पोट मधोमध फुगतं का, कंबर धरते का, ते डॉक्टरणीला दाखव. लेकीला सहा महिने कोण उचलणार, ते आधी नवऱ्याकडून कबूल करून घे. एवढं सगळं जमत असलं तर खुशाल कर. पण कुणाच्या बोलण्यासाठी करणार असशील, तर गो बाई, करू नको. माझं पोट सपाट झालं, त्यांचं बोलणं काही कमी झालं नाही.

निघालीस? चप्पल नीट घाल. डॉक्टरणीला भेटलीस की फोनवर सांगू नकोस, मला तिथं सगळं उलटं ऐकू येतं. सरळ ये. लेकीला घेऊन ये, दोन दिवस राहायच्या तयारीनं ये, आणि लवकर ये.