तिन्हीसांजेची कडी

पालीला मी ज्या जागेत राहायचे तिथे पुढच्या खोलीत आमच्या मंडळीचा, म्हणजे चर्चचा, छोटा दवाखाना होता आणि मागच्या खोलीत मी. डॉक्टर आठवड्यातून एकदा रत्नागिरीहून यायचे, बाकी सगळं माझ्या गळ्यात. बीपी, शुगर, ड्रेसिंग, अंथरुणाला खिळलेल्या माणसांकडे फेऱ्या. संध्याकाळी शेवटचा पेशंट गेला की मी हातपाय धुवायचे, पुढच्या दाराला कडी घालायचे आणि प्रार्थनेला बसायचे. तेवढा एकच वेळ माझा आणि देवाचा. तो चुकला की दुसऱ्या दिवशी माझ्या जिभेला हाड राहत नाही, हे माझं मलाच ठाऊक.

घरमालक आणि मालकीणबाई भिंतीपलीकडेच राहायचे. त्यांना मी काका-काकू म्हणायचे आणि ते मला सिस्टर. मी आले तेव्हा काकांनी विचारलं होतं, नगरची मोठ्या हॉस्पिटलातली नोकरी सोडून इकडे कशाला? देवाने बोलावलं की आमच्यात म्हणतात तसं मी बोलून गेले, "मला पाचारण झालं." काका गंभीरपणे म्हणाले, "कुणी केलं? कलेक्टरनी?" त्यावर आम्ही तिघंही खूप हसलो होतो.

हसणं संपलं ते त्या कडीपायी. आमची दोन्ही दारं एकाच पडवीत उघडायची. एकदा काकू म्हणाल्या, "सिस्टर, तिन्हीसांजेला दार लावू नये हो. लक्ष्मी यायची वेळ ती. पडवीपर्यंत येऊन तिने बंद दार बघायचं का?" मी म्हटलं, काकू, मी आत प्रार्थना करते. त्या म्हणाल्या, "करा की. दार उघडं ठेवून करा."

त्या वर्षी काकांच्या आंब्याच्या कलमांचा मोहोर काळा पडला. पाठोपाठ काका पायरीवरून घसरले, पायाच्या अंगठ्याला जखम झाली. दोन्हीचं खापर माझ्या कडीवर फुटलं. काकूंनी सरळ सांगितलं, दार उघडं ठेवा, नाहीतर दुसरी जागा बघा. दुसरी जागा कुठली? हमरस्त्यावर, म्हाताऱ्यांना एसटीतून उतरल्या उतरल्या गाठता येईल अशी तेवढीच होती. ती गेली की दवाखाना गेला, आणि दवाखान्यासाठी तर मी आले होते.

आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांना फोन केला. ते म्हणाले, वेळ बदला, त्यात काय एवढं? पहाटे बसून बघितलं, तर पहिल्या गाडीचे पेशंट पडवीत खोकत बसलेले. रात्री बसले, तर बसल्या जागी डुलक्या. मग निमूटपणे दार उघडं ठेवलं.

येणारे-जाणारे डोकवायला लागले. काकू तुळशीपाशी दिवा लावून माझ्या दाराशी थांबायच्या. एके दिवशी म्हणाल्या, "किती गोड बोलता हो देवाशी." पण त्या दिवशी मी देवाशी अवाक्षरही बोलले नव्हते. आवाज लावून, शब्द निवडून जे काही चाललं होतं ते दाराशी उभ्या असलेल्यांसाठी होतं. मला स्वतःची शिसारी आली.

दुसऱ्या दिवशी मी कडी घातली. आधी काकूंना सांगून घातली, चोरून नाही. त्या एवढंच म्हणाल्या, "मग महिनाअखेरीला खोली सोडा."

काकांची जखम मात्र भरेना. शुगर वाढलेली. रोज दुपारी मी पलीकडे जाऊन ड्रेसिंग करायचे. काकांचा पाय माझ्या हातात आणि काकू भिंतीला टेकून उभ्या. अंगठा काळा पडायला लागला तशी मी काकांना म्हटलं, आजच्या आज कोल्हापूरला दाखवा. काकूंनी माझ्याकडे असं बघितलं की मी ट्रे उचलून बाहेरच पडले. घरी येऊन खोक्यात औषधं भरायला घेतली. देवावरही चिडले होते. बोलावलंस कशाला मग, असं त्याला तोंडावर विचारलं.

कोल्हापूरहून ती दोघं दोन दिवसांनी तिन्हीसांजेला परतली. मी नुकतीच बसले होते. दारावर थाप पडली. आता काय ऐकायला मिळतंय, या धास्तीनेच मी कडी काढली.

दारात काकू होत्या. अंगावर प्रवासातलंच लुगडं. त्या आत आल्या, वळल्या आणि त्यांनी स्वतःच्या हाताने दार लोटून कडी घातली.

"पाय काढायचा म्हणतात," त्या म्हणाल्या. "गुडघ्याखालून. त्यांना अजून सांगितलेलं नाही. तिकडे रडता येत नाही हो. तिन्हीसांजेला घरात रडू नये."

पेशंटच्या बाकावर बसून पदराचा बोळा तोंडात धरून त्या रडल्या. मी शेजारी बसले, पाठीवर हात ठेवला. प्रार्थना म्हणू का, असं विचारावंसं वाटलं, पण विचारलं नाही. मलाही रडू आवरेना. पडवीतून कुणीतरी काकूंना हाक मारली, पण आम्ही दोघींनीही ओ दिली नाही.

बऱ्याच वेळाने त्यांनी तोंड धुतलं, पदर सारखा केला. कडीला हात घातला आणि तशाच थांबल्या.

"सोमवारी ऍडमिट करायचंय," त्या म्हणाल्या. "तोवर रोज लावा दार."